चार ठिकाणी चौकशी

लखनऊमध्ये रस्ता विचारला तर ‘आम्हाला माहीत नाही’ असं कुणी सांगत नाही. दारात आलेल्या माणसाला पाणीही न विचारता परत पाठवल्यासारखं वाटतं त्यांना ते. त्यामुळे ज्याला माहीत असतं तो सांगतो आणि ज्याला माहीत नसतं तो जास्त प्रेमानं सांगतो. मी तिथं नवा होतो तेव्हा निशातगंजच्या बाजारात एका सभ्य गृहस्थांना पोस्ट ऑफिस विचारलं. त्यांनी हातातली सब्जीची थैली खाली ठेवली, माझ्या पाठीवर हात ठेवून मला एका गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं आणि म्हणाले, "बस, नाक की सीध में चले जाइए." नाकासमोर चालत मी थेट एका लग्नाच्या मांडवात शिरलो. तिथल्या लोकांनीही कोण, कुठला हे न विचारता मला जेवायला बसवलं. पोस्टात टाकायचं पाकीट खिशातच राहिलं.

हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला तेव्हा सगळे हसले. एक माणूस तेवढा हसला नाही. आपल्या टेबलावरून मान वर करून त्यानं विचारलं, "किती जणांना विचारलं होतं?"

"एकाला."

"मग चुकणारच न बाप्पा. चार ठिकाणी चौकशी करावी लागते."

हे आमचे भाऊ. नागपूरचे. आमच्या कंपनीच्या त्या विभागीय कार्यालयात मराठी माणसं आम्ही दोघंच, आणि दोघांनाही एकमेकांची मराठी पूर्ण पटत नव्हती. मी ‘काय करताय’ म्हणायचो, ते ‘काय करून राहिला’ म्हणायचे, आणि दोन वाक्यांनंतर दोघंही नकळत हिंदीत उतरायचो.

‘चार ठिकाणी चौकशी’ हे आपण सगळेच म्हणतो. मुलगी द्यायची असली की म्हणतो, फ्लॅट घ्यायचा असला की म्हणतो. पण त्यातला ‘चार’ हा आकडा मनावर घेतलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. भाऊंना वेळ हवी असली की ते तिघांना विचारायचे आणि चौथं म्हणून स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघायचे. घड्याळाला त्यांनी कधी तीन माणसांपेक्षा जास्त मान दिला नाही. केळी घ्यायला निघाले की चार गाड्यांवर भाव विचारायचे आणि हटकून पहिल्या गाडीवर परत यायचे. एकदा त्यांना ताप भरला. मी थर्मामीटर लावून आकडा सांगितला, तर पांघरुणातून क्षीण आवाज आला, "हे एक झालं."

त्यांच्या लग्नाच्या वेळी वहिनींच्या माहेरच्यांनीही चार ठिकाणी चौकशी केली होती म्हणे. "चारही ठिकाणी माझ्याबद्दल वाईटच सांगितलं," भाऊ सांगायचे, "तरी ती हो म्हणाली. म्हणून मी तिला मानतो."

त्या वहिनी नागपुरात होत्या. तिथल्या शाळेत त्यांची कायमची नोकरी, आणि ती सोडून इथं येण्यात अर्थ नव्हता. भाऊ निशातगंजमध्ये एका शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहायचे. दरवर्षी उन्हाळा लागला की नागपूरच्या बदलीचा अर्ज करायचे. अर्ज आमच्या बडे साहेबांच्या टेबलावर जायचा. बडे साहेब तो दोन्ही हातांनी घ्यायचे, वाचायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "देखते हैं." आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवायचे. वाईट माणूस नव्हता तो. फक्त भाऊ गेले तर मुख्यालयाला जाणारे अहवाल कोण लिहिणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी मी उपलब्ध होतो, पण माझे अहवाल त्यांनी वाचलेले होते.

सगळ्या गोष्टी चार ठिकाणी विचारणाऱ्या माणसाला या एकाच बाबतीत दुसरं ठिकाण नव्हतं. अर्ज त्या एकाच टेबलावरून पुढं जाणार होता. रविवारी फोनवर वहिनी विचारायच्या, "यंदा तरी?" आणि भाऊ म्हणायचे, "देखते हैं म्हणून राहिले." एसटीडीवाल्याच्या यंत्रावर आकडे तेवढे पळत राहायचे.

मग आमच्याकडे इंटरनेट आलं. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. एकच तार, ती तिसऱ्या मजल्यावरून लोंबत यायची, आणि पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. बाकी सगळ्यांनी एकच एक शोधयंत्र पकडलं होतं. जग वापरतं तेच. त्यात शब्द टाकायचा, पहिलं उत्तर उचलायचं, की संपलं. भाऊंनी हे माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मांडवात जेवून आलेल्या माणसाकडे बघतानाचे भाव आले.

"यालाच विचारलं फक्त?"

"भाऊ, यात सगळं असतं."

"निशातगंजच्या त्या माणसातही सगळं होतं."

त्यानंतर काही दिवस ते जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात दुसऱ्या हातानं ब्राउझरशी खटपट करत बसले. आणि जे केलं ते खरोखर देखणं होतं. त्यांनी निरनिराळी शोधयंत्रं, शब्दकोश, रेल्वेचं पान, जुन्या लेखांचं एक भांडार अशी ठिकाणं शोधली. प्रत्येकाचा पत्ता वाचखूण, म्हणजे बुकमार्क, म्हणून साठवला, त्या पत्त्यात जिथं शोधायचा शब्द येतो तिथं टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून एस लिहिला, आणि प्रत्येक वाचखुणेला एकेका अक्षराचं टोपणनाव दिलं. आता वरच्या पट्टीत ते अक्षर टाइप करायचं, एक जागा सोडायची आणि हवा तो शब्द लिहायचा. ब्राउझर नेमक्या त्या ठिकाणी जाऊन विचारून येणार. ‘एम’ म्हणजे मोठा, जगाचा लाडका. ‘बी’ म्हणजे बडबड्या, एक विचारलं की दहा सांगणारा. ‘के’ म्हणजे किताबी, तो शब्दकोश. आणि ‘एस’ म्हणजे सासू. ते एक जुनं, मरायला टेकलेलं शोधयंत्र होतं, पण दहा वर्षांपूर्वी तुम्ही कुठं काय चुकला होता ते बरोबर काढून दाखवायचं.

मलाही त्यांनी हे करायला शिकवलं. मी हुशारीनं टक्का आणि एस यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडली, दिसायला बरं दिसतं म्हणून. परिणाम असा झाला की मी काहीही विचारलं तरी ब्राउझर इमानदारीनं नुसता टक्काच शोधून आणायचा. मी ‘नागपूर गाडी’ विचारायचो आणि मला मुदत ठेवींवरचं व्याज दिसायचं. मी ‘पाठदुखी’ विचारायचो आणि साड्यांवर पन्नास टक्के सूट दिसायची. आठवडाभर मी सगळ्यांना सांगत होतो की इंटरनेट फारच पैशाच्या मागं लागलंय.

भाऊंनी ते पाहिलं, मधली जागा पुसली आणि म्हणाले, "तुला विचारलेलं मी कधी चारात धरत नाही, ते उगीच नाही."

हे मला लागलं. खरंही होतं. भाऊ शिपायाला विचारायचे, कँटीनवाल्याला विचारायचे, लिफ्टपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारायचे. मला नाही.

या सगळ्यावर कळस म्हणजे एक बटण. ब्राउझरच्या पट्टीवर त्यांनी ते बसवलं आणि त्यावर मराठीत लिहिलं: ‘चौकशी’. ते दाबलं की एक छोटी चौकट यायची. तीत शब्द लिहिला की मोठा, बडबड्या, किताबी आणि सासू ही चारही ठिकाणं एकदम उघडायची, चार खिडक्यांत. आणि आमची तार बारीक असल्यामुळे ती उघडेपर्यंत माणसानं घाबरू नये म्हणून भाऊंनी मधे दाखवायला स्वतः एक पान तयार केलं होतं. पिवळ्या पानावर मोठी लाल अक्षरं. वर तुम्ही लिहिलेला शब्द आणि खाली: ‘चौकशी चालू आहे. चार ठिकाणी विचारणा होत आहे. कृपया धीर धरा.’

आता मी काय केलं ते सांगतो.

बडे साहेबांच्या केबिनमध्ये नवा कंप्यूटर आला होता. त्याच्यावर लेसचं झाकण असायचं आणि ते दुपारी तीननंतर निघायचं. एक दिवस त्यांनी मला बोलावून विचारलं, "भाई, सुना है आप लोग एक साथ कई जगह सर्च कर लेते हैं. हमारे में भी डाल दीजिए न." ही विद्या भाऊंची आहे असं सांगण्याची ती वेळ होती. पण साहेबांनी मला स्वतःहून काही सांगण्याची ती पहिलीच वेळ होती, तेव्हा मी म्हणालो, "अभी कर देता हूँ, सर." भाऊंच्या मशीनवरून त्यांची सगळी सेटिंग एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि जशीच्या तशी साहेबांच्या मशीनवर ओतली. बटणासकट. पिवळ्या पानासकट.

इथं एक सोफा मधे येतो. कंपनीच्या गेस्ट हाऊसमधला पाच जणांचा सोफा काही महिन्यांपूर्वी दुरुस्तीला म्हणून गेला होता आणि दुरुस्त होऊन साहेबांच्या घरच्या बैठकीत स्थिरावला होता. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. लखनऊची माणसं सभ्य असतात, कुणी विषय काढत नव्हतं.

"कुछ भी लिखूँ?" साहेबांनी विचारलं.

"कुछ भी, सर."

त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: पाच सीटचा सोफा, कव्हर, लखनऊ. बटण दाबलं. पान आलं. पिवळं, लाल अक्षरांचं. वर सोफा, खाली ‘चौकशी चालू आहे’.

साहेबांना मराठी येत नव्हती, पण देवनागरी तर येत होती. त्यांनी हळूहळू वाचलं. "चौकसी... चालू... है." हिंदीत चौकसी म्हणजे पाळत. मला ते तेव्हा माहीत नव्हतं.

"ये क्या है?" त्यांचा आवाज खाली गेला होता.

"सर, ये चौकशी है. मराठी में. मतलब, पूछताछ."

"किसकी पूछताछ?"

"सोफे की, सर."

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, हिंदी शब्द चुकला. इंग्रजी बरी.

"मतलब एन्क्वायरी, सर."

"एन्क्वायरी बैठ गई?"

"बैठी नहीं सर, अभी खुल रही है. नेट स्लो है न."

साहेब पुन्हा स्क्रीनकडे वळले आणि पुढची ओळ वाचू लागले. त्यांना मदत करावी म्हणून मीच भाषांतर करून दिलं, "चार ठिकानों पर, सर. एक साथ."

मराठीत ‘ठिकाणी’ म्हणजे जागी. हिंदी पेपरात ‘ठिकानों पर’ हे शब्द फक्त छाप्यांच्या बातमीत येतात. हे मला पुढं कँटीनवाल्यानं समजावून सांगितलं.

"और ये," साहेबांनी स्क्रीनकडे बोट केलं, "ये बनाया किसने?"

श्रेय लाटण्याची इच्छा तोवर गेली होती. "भाऊसाहब ने, सर. वो तो बरसों से कर रहे हैं. सबके बारे में. चार-चार लोगों से पूछते हैं, आपने देखा होगा."

साहेबांनी पाहिलं होतं. सगळ्या ऑफिसानं पाहिलं होतं. फक्त का, ते त्या क्षणापर्यंत कुणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोफा गेस्ट हाऊसमध्ये परत आला. नवं कव्हर घालून. ड्रॉवरमधले भाऊंचे सगळे अर्ज बाहेर निघाले आणि सर्वांत वरच्यावर ‘अत्यंत कर्तव्यनिष्ठ अधिकारी, तत्काल’ असा शेरा पडून तो मुख्यालयात गेला. भाऊंचा चहा काचेच्या ग्लासऐवजी कपबशीतून येऊ लागला. लोक त्यांच्या टेबलाजवळून जाताना जरा वळसा घालून जाऊ लागले. आणि बघता बघता नागपूरच्या बदलीची ऑर्डर आली.

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. भाऊंनी ऑर्डर उलटसुलट करून पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि शिपायापाशी जाऊन विचारलं, "ये हुआ कैसे?"

शिपाई म्हणाला, "साहब, आप चौकसी वाले हैं न."

टायपिस्ट बाई म्हणाल्या, "हमें तो शुरू से लगता था, आप ऊपर से भेजे गए हैं." कँटीनवाल्यानं तेच सांगितलं. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसालाही माहीत होतं.

भाऊ माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा पाहून मी सगळं सांगून टाकलं. पेन ड्राइव्ह, पिवळं पान, सोफा. ते ऐकत राहिले.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार ठिकाणी एकच उत्तर आलं," ते म्हणाले, "अन् ते साफ चूक."

"चौघं म्हणतायत तर राहू द्या ना, भाऊ."

"अबे, चौघांनी एकाचंच ऐकलं, तर ते चार कुठं झाले? ते एकच झालं." आणि उठले. "साहेबांना सांगून येतो."

मी त्यांच्या आडवा झालो. "भाऊ, ऑर्डर हातात आलीय. वहिनींना काय सांगणार? साहेबांची भीती गेली की ऑर्डर गेली. परत ‘देखते हैं’."

भाऊ थांबले. मला वाटलं, पटलं. ते म्हणाले, "ऑर्डर आली तसा फोन करून तिला सांगितलं. तर ती म्हणाली, खरंच का? आणखी दोन-चार जणांना विचारून घ्या. आता तिला काय सांगू? एका सोफ्याला घाबरून पाठवून राहिले म्हणू?"

ते आत गेले. मी दाराच्या फटीत.

"साहब," भाऊ म्हणाले, "हम चौकसी वाले नहीं हैं."

साहेब उठून उभे राहिले. "अरे बिलकुल नहीं हैं. किसने कहा? आप तशरीफ रखिए."

"वो बटन जो है, वो चारबाग स्टेशन वाली पूछताछ है. थाने वाली नहीं. स्टेशन पर खिडकी होती है न, गाडी कहाँ लगेगी, कितनी लेट है? बस उतनी."

"समझ गए, भाई साहब. पूरी तरह समझ गए."

"आप नहीं समझे."

"ऐसे काम में आदमी बताता थोडे है," साहेब समजूतदारपणे म्हणाले. "हम कद्र करते हैं."

भाऊंनी मग शेवटचं केलं. खिशातून ऑर्डर काढली आणि टेबलावर ठेवली. "ये अगर उसी वजह से है, तो आप रोक लीजिए. हमको बुरा नहीं लगेगा."

मी डोळे मिटले. नागपूर गेलं, वहिनी गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज.

आतून साहेबांचा आवाज आला, अगदी बारीक. "हम? हम रोकेंगे? भाई साहब, हमारी भी बिटिया है ब्याहने को." आणि घंटी वाजली. शिपाई आत धावला. भाऊंना कार्यमुक्त करण्याचा कागद त्याच बैठकीत टाइप झाला.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "मी खरं सांगितलं होतं बरं."

"मी ऐकलंय."

"तू साक्षीदार. लक्षात ठेव. तिला विचारलं तर सांगावं लागेल."

निघण्याच्या दिवशी सामान मी न्यायचं ठरलं. गाडी कुठून सुटते ते मी ‘मोठ्या’ला, म्हणजे जगाच्या त्या लाडक्या शोधयंत्राला, विचारून ठेवलं होतं. फक्त त्या एकाला, अर्थात. चारबागला दोन स्टेशनं एकमेकांना लागून आहेत, एक बडी लाइन आणि एक छोटी लाइन, हे मला लखनऊत इतकी वर्षं काढून माहीत नसायला नको होतं. मी दोन ट्रंका, एक वळकटी आणि हमाल घेऊन छोट्या लाइनीच्या फलाटावर पाय रोवून उभा राहिलो. भाऊ मला शोधत आले तेव्हा घाम पुसत होते, पण रागावले नव्हते.

"कुणाला विचारलं?" त्यांनी विचारलं.

मी वळकटी उचलली.

आम्ही धावत बड्या लाइनीवर आलो. तिथंही त्यांनी आधी पूछताछच्या खिडकीत विचारलं, मग कुलीला, मग चहावाल्याला. तिघांनीही एकच फलाट सांगितला. गाडी समोर उभी होती, तिच्यावर नागपूरचं नावही होतं. सामान चढलं. भाऊ पायरीवर एक पाय ठेवून थांबले आणि माझ्याकडे वळले.

"ऐक. मी जाऊ न?"

"म्हणजे?"

"साहेबांना विचारलं, ते म्हणाले जा. खाली शिवणयंत्रवाल्याला विचारलं, तो म्हणाला मत जाइए. ती म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा." त्यांनी बोटं मोजली. "तीन झाले. खोटं बोलून तर नाही न जाऊन राहिलो मी?"

मला समजायला थोडा वेळ लागला की हे चौथं ठिकाण मी आहे.

मी आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला इतका वेळ घेतला नव्हता. "जा, भाऊ," मी म्हणालो. "तुम्ही खरं सांगितलंत. मी दाराशी होतो."

त्यांनी मान हलवली. "ठीक आहे. चौकशी झाली." आणि आत गेले. गाडी सुटल्यावर खिडकीतून ओरडले, "टक्क्यानंतर जागा सोडू नको."

पुढच्या रविवारी नागपूरहून फोन आला. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती, आणि वहिनी कुणाला तरी सांगत होत्या की आले, खरंच आले.

"तिथं तरी कळलं का लोकांना?" मी विचारलं. "सगळे मराठी. चौकशी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नसेल."

"तेच तर," भाऊ म्हणाले. "लखनऊहून आधीच कुणीतरी कळवलं, चौकशीवाला येऊन राहिला. अन् इथं तर या शब्दाचा अर्थ सगळ्यांनाच माहीत."

"मग?"

"मग काय? मी अजून खुर्चीवर बसलोही नव्हतो, तर गेस्ट हाऊसमध्ये दोन कूलर अन् एक पलंग परत आला."